लघु जलविद्युत : २५ मेगावॅटची रेघ

देशातले पहिले जलविद्युत केंद्र १० नोव्हेंबर १८९७ रोजी दार्जिलिंगजवळ सिद्रापोंग येथे सुरू झाले. क्षमता १३० किलोवॅट. त्याला तेव्हा कोणी ‘लघु’ म्हटले नाही, कारण शेजारी ठेवायला मोठे काही नव्हतेच. पुढे शिवनसमुद्र आले, खोपोली आले, स्वातंत्र्यानंतर भाक्रा आणि कोयना. त्या झगमगाटात ओढ्या-नद्यांवरची छोटी केंद्रे मागे पडली. ती पुन्हा चर्चेत आली ती गेल्या तीस-पस्तीस वर्षांत, आणि त्यात नदीपेक्षा सरकारी वर्गवारीचा वाटा अधिक.

१९८९ मध्ये ३ मेगावॅटपर्यंतची केंद्रे अपारंपरिक ऊर्जेच्या खात्याकडे सोपवण्यात आली. नोव्हेंबर १९९९ मध्ये ही मर्यादा थेट २५ मेगावॅटवर नेली गेली. त्यापुढचे सगळे आधीप्रमाणे वीज खात्याकडे राहिले. म्हणजे मुळात ही कामाची वाटणी होती. पण अनुदान, वीजखरेदीचे दर आणि ‘नवीकरणीय’ हा शिक्का या रेघेच्या अलीकडच्यांनाच मिळू लागला, आणि वाटणीचा आकडा व्याख्या होऊन बसला. चीनमध्ये ५० मेगावॅटपर्यंतचे केंद्र लघु ठरते, युरोपात साधारण १० पर्यंतचे. यातला कुठलाच आकडा नदीने दिलेला नाही.

अभियांत्रिकीच्या दृष्टीने मेगावॅट हे माप इथे अपुरेच आहे. सेकंदाला एक घनमीटर पाणी एक मीटर खाली आले, की यंत्रांतली घट धरून साधारण ८ किलोवॅट वीज मिळते. तेव्हा २० मेगावॅटसाठी ४०० मीटरचा उतार असेल तर सव्वासहा घनमीटर प्रवाह पुरतो; उतार २० मीटरच असेल तर सव्वाशे लागतो. पहिल्या ठिकाणी पाणी बंधाऱ्यावरून वळवून गाळ-टाकी, कालवा किंवा बोगदा आणि शेवटी पोलादी नळ, अशा वाटेने पेल्टन चक्रावर (पाण्याच्या जोरदार झोताने फिरणाऱ्या चाकावर) सोडतात, आणि मधले काही किलोमीटर नदी जवळजवळ कोरडी पडू शकते. दुसऱ्या ठिकाणी कॅप्लन जातीचे, पंख्यासारख्या पात्यांचे टर्बाइन बसते आणि पाणी बहुतेक वेळा तिथल्या तिथेच नदीत परतते. कागदावर दोन्ही केंद्रे सारखीच ‘लघु’.

खरा वाद पेटला तो २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनंतर. २५ मेगावॅट आणि त्यावरच्या जलविद्युत प्रकल्पांना पर्यावरणीय मंजुरी बंधनकारक झाली. खालचे त्यातून सुटले. (वनजमीन लागली तर तिची परवानगी वेगळी.) जेमतेम रेघेच्या आत बसणारे, २४ मेगावॅटच्या घरातले प्रस्ताव मग येणारच होते. एकच प्रकल्प दोन तुकडे करून दाखवला जातो, एकाच नदीवर ओळीने उभ्या राहणाऱ्या केंद्रांचा एकत्रित परिणाम कोणी मोजत नाही, असे आक्षेप पश्चिम घाटापासून हिमालयापर्यंत घेतले गेले. उद्योगाचे म्हणणे असे, की एवढ्याशा केंद्राला मोठ्या धरणाची प्रक्रिया लावली तर ते उभेच राहणार नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते २ मेगावॅटच्या केंद्राबद्दल. २४ मेगावॅटवाल्याने तेच तोंडावर फेकावे, हे जरा जास्तच.

महाराष्ट्रातले चित्र निराळे आहे. इथली बरीच लघु केंद्रे सिंचनाच्या धरणांच्या पायथ्याशी आहेत : पानशेत ८, वीर ९, येलदरी २२.५ मेगावॅट. येलदरीचा जलाशय मराठवाड्यातल्या मोठ्यांपैकी एक, तरी वीजघर आकड्याने लघुच. अशा ठिकाणी यंत्रे कधी चालणार हे विजेची मागणी ठरवत नाही, कालव्याचे आवर्तन ठरवते. पाणी सुटले की वीज, दारे बंद की यंत्रे गप्प. पाऊस लांबला आणि पाणी पिण्यासाठी राखून ठेवले, तर वीजघराच्या वाट्याला महिनोन्महिने काही येत नाही. नदीचे नुकसान जे व्हायचे ते धरण बांधताना झालेले असते, त्यामुळे या केंद्रांवर फारसे कोणी भांडतही नाही.

मार्च २०१९ मध्ये केंद्राने २५ मेगावॅटवरची जलविद्युतही नवीकरणीय ठरवली. ज्या शिक्क्यासाठी लोक रेघेच्या आत राहत होते तो सगळ्यांनाच मिळाला. पर्यावरणीय मंजुरीसाठीची रेघ मात्र तिथेच राहिली.