इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी फेलोशिप

इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजी, बोलताना नुसतं आयआर, म्हणजे सोनोग्राफी, सीटी नाहीतर एक्स-रेच्या चालत्या चित्राकडे बघत बघत सुई, वायर आणि बारीक नळी शरीरात घालून आतल्या आत उपचार करायचे, पोट-छाती न उघडता. एमडी रेडिओलॉजी झाल्यावर हे काम हातात बसावं म्हणून टीचिंग हॉस्पिटलात राहून जे शिकतात ती ही फेलोशिप. मराठवाड्यात रेडिओलॉजिस्टला अजून सोनोग्राफीवाले डॉक्टर म्हणतात, अंधाऱ्या खोलीत बसून रिपोर्ट लिहिणारे, आणि त्यात चूक काही नाही, पण ही फेलोशिप त्याच माणसाला उठवून पेशंटच्या कॉटपाशी नेऊन उभं करते.

एमडी ३ वर्षांचं. त्यानंतर नीट-एसएस ही प्रवेश परीक्षा देऊन डीएम किंवा डीआरएनबी ही सुपरस्पेशालिटीची पदवी केली तर अजून ३ वर्षं, नाहीतर १-२ वर्षांची फेलोशिप. छत्रपती संभाजीनगरची घाटी, अंबाजोगाई, नांदेड, लातूर अशा सरकारी कॉलेजात एमडी करताना थोडीफार सुरुवात होतेच, सोनोग्राफीखाली बायोप्सी, लिव्हरमधला पू काढायला पिगटेल (नळीचं आतलं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळतं म्हणून हे नाव, नातेवाईक मात्र सरळ 'नळी टाकली' म्हणतात). रक्तवाहिन्यांचं खरं काम शिकायला बरीच पोरं मुंबई, पुणे नाहीतर हैदराबाद गाठतात.

हा सगळा प्रकार वाटतो तितका नवा नाही. १९५३ साली स्वीडनच्या सेल्डिंगर या रेडिओलॉजिस्टनं सुईच्या जागी वायरवरून नळी घालायची युक्ती काढली. १६ जानेवारी १९६४ ला अमेरिकेत पोर्टलंडला चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टनं ८२ वर्षांच्या एका बाईच्या मांडीतली अरुंद झालेली धमनी आतूनच रुंद केली. पाय कापावा लागेल असं सर्जननी सांगितलेलं, बाई नाहीच म्हणून बसलेल्या, आणि पाय वाचला. इंटरव्हेन्शनल हे नाव मार्गुलिस या रेडिओलॉजिस्टनं १९६७ ला वापरलं, आणि अमेरिकेत स्वतंत्र स्पेशालिटी म्हणून मान्यता मिळायला २०१२ उजाडलं. म्हणजे काम आधी, नाव नंतर, खुर्ची सगळ्यात शेवटी.

फेलो आल्या आल्या जे शिकतो ते सेल्डिंगरचंच. जांघेत नाडी चाचपायची, सुई घालायची, रक्त उसळून आलं की सुईतून वायर, मग सुई काढायची पण वायर धरून ठेवायची, वायरवरून शीथ, म्हणजे पुढच्या नळ्या आत-बाहेर करायला धमनीत ठेवायची छोटी नळी. ऐकायला दोन ओळी, हाताला बसायला महिने जातात. वायर अडली तर जोर लावायचा नाही, थांबायचं, स्क्रीनवर बघायचं, कारण जोर लावला की धमनीचं आतलं अस्तर सोलून निघतं. टोचायची जागासुद्धा ठरलेली, मांडीच्या हाडाच्या गोल डोक्यावर, म्हणजे नंतर दाबायला मागं हाड मिळतं. वर टोचलं गेलं तर रक्त पोटामागं साचत राहतं, बाहेर थेंब दिसत नाही आणि बीपी मात्र खाली.

आपल्याकडं ज्यानं फेलोची रात्र जाते तो पेशंट खोकल्यातून रक्त पडणारा. टीबी कधीकाळी बरा झालेला, फुप्फुसात पोकळी राहिलेली, तिच्या आजूबाजूच्या ब्राँकियल, म्हणजे श्वासनलिकांना रक्त देणाऱ्या, धमन्या फुगलेल्या, आणि एका रात्री घमेलंभर रक्त. अशा पेशंटला रक्त गेल्यापेक्षा श्वासनलिकेत रक्त भरून गुदमरण्याचा धोका जास्त. मग नळी जांघेतून महाधमनीत, पाठीच्या पाचव्या-सहाव्या मणक्याच्या आसपास ब्राँकियल धमनीचं तोंड शोधायचं, एक्स-रेत दिसणारं औषध सोडून फोटो घ्यायचा, मग बारीक कण सोडून ती धमनी बुजवायची, आणि फोटोसाठी 'श्वास धरा' म्हणावं तर खोकणारा माणूस श्वास धरणार कसा. तरी घाई करायची नसते. त्याच धमनीतून कधी कधी मज्जारज्जूला जाणारी बारीक फांदी निघते, केसातल्या आकड्यासारखी वळलेली दिसते, तिच्यात कण गेले तर पेशंटचे दोन्ही पाय जाऊ शकतात. आकडा दिसला की थांबायचं, मायक्रोकॅथेटर, म्हणजे नळीतून जाणारी अजून बारीक नळी, त्याच्या पुढं नेता आला तरच पुढचं काम. कण पीव्हीए नावाच्या प्लास्टिकचे, साधारण ३०० ते ५०० मायक्रॉन, त्याहून बारीक घेतले तर नको तिथं पोचतात. माझ्या मते फेलोची खरी परीक्षा हीच, कण सोडता येणं नाही, न सोडता येणं. आणि एवढं करून हा कायमचा इलाज नाही, रक्त पुन्हा येऊ शकतं, टीबी चालू असेल तर गोळ्या चालूच ठेवायच्या, हे नातेवाईकांना नीट बसून सांगावं लागतं.

बाळंतपणानंतर रक्त थांबत नसेल तर गर्भाशयाची धमनी बुजवायला जेलफोम, स्पंजसारखा असतो, कात्रीनं बारीक कापून औषधात भिजवायचा आणि थ्री-वेला (तीन तोंडांच्या तोटीला) लावलेल्या दोन सिरिंजमधून मागं-पुढं करत त्याचा लगदा करायचा. स्वस्त, आणि काही आठवड्यात विरघळतो, गर्भाशय राहतं. कॉइल, म्हणजे धमनी बुजवायची धातूची बारीक गुंडाळी, महाग, म्हणून 'योजनेत बसतंय का' हा प्रश्न कॅथलॅबच्या, म्हणजे हे काम चालतं त्या खोलीच्या, दारातच येतो आणि त्याचे कागदसुद्धा बऱ्याचदा फेलोच भरतो.

दिवसभर अंगावर शिशाचा एप्रन, कंबर आणि मान रात्री जाणवते. एप्रन घडी करून ठेवायचा नाही, शिशाला चिरा जातात, खुंटीला टांगायचा, हे नवीन पोरांना टेक्निशियनमामाच दरडावून शिकवतात. अंगावर किती किरण पडले ते मोजणारा टीएलडी बॅज एप्रनच्या आत छातीशी. आपल्याकडं किरणांची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट, कुठल्याही एका वर्षात ३० च्या वर नाही. सगळ्यात सोपा बचाव म्हणजे एक पाऊल मागं सरकणं, अंतर दुप्पट केलं की डोस चौथाई.

काम झालं की सर निघून जातात, शीथ काढून जांघ दाबायला फेलो राहतो. तीन बोटं, पंधरा-वीस मिनिटं, अधेमधे उचलून बघायचं नाही. मग पेशंटनं पाय सरळ ठेवून साधारण सहा तास उताणं पडायचं. रिपोर्ट लिहिताना पेशंटचं गाव कधी विचारलेलं नसतं, ते इथं कळतं, कापूस किती निघाला, पोरगी कुठं दिली, सगळं. एक परभणीकडचे मामा माझा हात जांघेवर असतानाच म्हणाले, "टाका न्हाई, पट्टी न्हाई, मग मी कामून पडून राहू हो सायेब?" मी म्हणलं, मामा, टाका म्हणजे सध्या माझी ही तीन बोटं आहेत. बरं म्हणले, आणि घड्याळाकडं बघत बसले.