हमी सरकारची, निर्णय बँकेचा: अमेरिकेच्या 'जीआय बिल'ची पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धातून परतलेल्या अमेरिकी सैनिकांना १९२४मध्ये बोनसची प्रमाणपत्रं मिळाली, पण पैसे हातात पडणार होते १९४५मध्ये. मंदीत पोट भरेना, तेव्हा १९३२मध्ये हजारो माजी सैनिक कुटुंबकबिल्यासह वॉशिंग्टनला तळ ठोकून बसले. सरकारने त्यांच्यावर लष्कर घातलं. २२ जून १९४४ रोजी 'जीआय बिल'वर, म्हणजे परतणाऱ्या सैनिकांना बेकारभत्ता, शिक्षणाचा खर्च आणि घरकर्जाची हमी देणाऱ्या नव्या कायद्यावर सही झाली, ती या नामुष्कीची आठवण मनात ठेवूनच. दुसऱ्या महायुद्धातून दीड कोटींहून अधिक सैनिक परतले आणि युद्धसामग्रीचे कारखाने थंडावले, तर पुन्हा मंदी येईल ही धास्ती होती.

सगळ्यात जास्त ओरड झाली ती आठवड्याला २० डॉलर, जास्तीत जास्त ५२ आठवडे, या बेकारभत्त्यावर. लोक ऐतखाऊ होतील म्हणे! प्रत्यक्षात त्यासाठी ठेवलेल्या रकमेचा पाचवा हिस्साही खर्च झाला नाही. सैनिक शिकायला गेले. १९४७मध्ये कॉलेजांतले जवळपास निम्मे प्रवेश त्यांचे होते. १९५६पर्यंत ७८ लाख जणांनी शिक्षण-प्रशिक्षण घेतलं. त्यात कॉलेजात गेलेले २२ लाखच. बाकीचे धंदेशिक्षण, कारखान्यातली उमेदवारी आणि शेतीकडे वळले. रोजगाराच्या बाजारात एकदम झुंबड उडाली नाही, ती यामुळेही.

खरा वाद अंमलबजावणीचा होता. नोकऱ्या मिळवून देणारी यंत्रणा कोणाच्या ताब्यात असावी, यावर संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या संयुक्त समितीत प्रतिनिधीगृहाच्या सदस्यांची मतं समसमान पडली. जॉर्जियात आजारी असलेल्या एका सदस्याचं मत त्याच्या गैरहजेरीत धरायला प्रतिनिधीगृहाच्या सैनिकविषयक समितीच्या, मिसिसिपीहून निवडून आलेल्या अध्यक्षाने नकार दिला. मग त्या सदस्याला रातोरात मोटारीने जॅक्सनव्हिलला आणि तिथून विमानाने राजधानीत आणावं लागलं. विधेयक वाचलं. पण कारभार राज्यांकडे आणि स्थानिक मंडळींकडेच राहावा, हा त्याच अध्यक्षाचा हट्ट पुरा झाला. वर्णभेद पाळणाऱ्या दक्षिणेत याचा अर्थ काय होणार, हे तेव्हाही सगळ्यांना कळत होतं.

घरकर्जाच्या बाबतीत हे उघड दिसलं. सरकार कर्ज देत नव्हतं, फक्त हमी घेत होतं. कर्ज द्यायचं की नाही हे खासगी बँकच ठरवणार. मिसिसिपीच्या १३ शहरांच्या १९४७मधल्या पाहणीत अशी हमी असलेली ३,२२९ घर, धंदा आणि शेतीची कर्जं आढळली. कृष्णवर्णीय सैनिकांच्या वाट्याला त्यातली दोन आली. न्यूयॉर्कजवळ बटाट्याच्या शेतांवर १७ हजारांहून अधिक घरांचं लेव्हिटटाउन उभं राहिलं, त्याच्या करारात गोऱ्यांखेरीज कोणाला राहू देऊ नये असं कलमच होतं. १९५२पर्यंत देशभर सुमारे २४ लाख घरकर्जांना सरकारी हमी मिळाली. बांधकाम, फर्निचर, मोटारी असे सगळेच धंदे त्यावर तरारले. घरांच्या किमती वाढल्या आणि तीच पुढच्या पिढीची पुंजी झाली. ज्यांना कर्ज नाकारलं, त्यांच्या मुलांकडे ती आली नाही.

कोरियन युद्धातल्या सैनिकांसाठी १९५२मध्ये फी थेट कॉलेजला देणं थांबवून सैनिकाच्याच हाती मासिक रक्कम देण्यात आली, कारण संस्थांनी फुगवलेली बिलं उघड झाली होती. २००८च्या कायद्याने शिक्षणाचा लाभ पत्नी, पती किंवा मुलांच्या नावे करण्याची वाट काढली. १९४४च्या लाभांना मुकलेल्या कृष्णवर्णीय सैनिकांच्या वारसांना घर आणि शिक्षणाची मदत देणारं विधेयक २०२१ आणि २०२३मध्ये मांडलं गेलं. दोन्ही वेळा ते मंजुरीपर्यंत पोचलं नाही.