नोड, नाना आणि गुरुवारची वीज

सदाशिव पेठेत आमच्या खालच्या मजल्यावर नाना राहतात. पस्तीस वर्षं बँकेत काढली, त्यातली निम्मी लेजर जुळवण्यात. मागच्या दिवाळीत फराळाचं ताट द्यायला वर आले आणि दारातच म्हणाले, "ते बिटकॉइन म्हणजे शेवटी वहीच ना रे? मला ती वही बघायची आहे. पैसे घालायचे नाहीत, नुसती बघायची."

मी म्हटलं, "नाना, बघायलाच काय, अख्खी घरी ठेवायला मिळते."

ती वही घरी ठेवणाऱ्या प्रोग्रामला नोड म्हणतात. ३ जानेवारी २००९च्या पहिल्या पानापासून आजपर्यंतची प्रत्येक नोंद तो जगभरातल्या इतर नोडांकडून मागून घेतो आणि स्वतः तपासतो: सही खरी आहे का, तीच रक्कम दोनदा खर्च झाली आहे का, नवी नाणी ठरल्यापेक्षा जास्त निघाली का. हे मायनिंग नव्हे, म्हणजे वहीला नवी पानं जोडून नाणी कमावण्याचा धंदा नव्हे. यातून एक पैसा मिळत नाही. मिळतं ते एवढंच, की शिल्लक खरी आहे का हे दुसऱ्या कुणाला विचारावं लागत नाही. नानांना तेवढं पुरेसं होतं.

त्यांच्याकडे विंडोजचा डेस्कटॉप, माझ्याकडे कपाटावर ठेवलेली लिनक्सची छोटी पेटी, आणि बहिणीचा मॅक. म्हणजे एकाच इमारतीत तिन्ही पंथ. सॉफ्टवेअर मात्र एकच, बिटकॉइन कोअर. जानेवारी २००९मध्ये ते पहिल्यांदा आलं तेव्हा फक्त विंडोजवर चालायचं. लिनक्सची आवृत्ती त्याच वर्षीच्या डिसेंबरात आली आणि मॅकची जुलै २०१०मध्ये.

सुरुवात तापकीर गल्लीतून झाली. वही आता ६०० जीबीच्या पुढे गेली आहे, त्यामुळे एक टीबीची डिस्क लागणारच. नाना स्वस्तातली फिरती हार्ड डिस्क हातात घेऊन उभे होते. मी ती परत ठेवायला लावली आणि एसएसडी घेतली. कारण जागेचं नाही, शोधाशोधीचं आहे. नोड वहीशिवाय एक वेगळी यादी ठेवतो: आतापर्यंत न खर्चलेल्या सगळ्या रकमांची. प्रत्येक नव्या व्यवहारासाठी त्याला या यादीत कुठेतरी मध्येच हात घालून ती रक्कम अजून शिल्लक आहे का हे पाहावं लागतं. "म्हणजे आउटस्टँडिंग एंट्रीज," नाना म्हणाले. अगदी तेच. आता कल्पना करा, प्रत्येक चेकसाठी शिपायाला रेकॉर्ड रूममध्ये पाठवून वेगळं लेजर मागवायचं. फिरती डिस्क अशा साधारण शंभर फेऱ्या सेकंदाला मारते, एसएसडी काही हजारांनी. पहिली तपासणी एसएसडीवर एक-दोन दिवसांत उरकते. फिरत्या डिस्कवर ती आठवडे रेंगाळते आणि माणूस कंटाळून नाद सोडतो. जागा कमी असेल तर 'प्रून' नावाची सोय आहे. तीत नोड सगळी पानं तपासतो, पण जुनी फाडून टाकतो. नानांना हे ऐकूनच कसंतरी झालं.

मग डाउनलोड. इथे मला जरा रेंगाळायचं आहे, कारण बहुतेक लोक नेमकी हीच पायरी गाळतात. फाइल उतरवल्यावर तिचा ठसा काढायचा असतो. एसएचए-२५६ नावाचं गणित कितीही मोठी फाइल घेतं आणि तिच्यावरून चौसष्ट अक्षरांची एक ओळ काढतं. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते, आणि हवी ती ओळ येईल अशी बनावट फाइल तयार करणं आजच्या घडीला कुणालाच जमलेलं नाही. विंडोजवर हे काम सर्टयूटिल करतं, मॅकवर शासम, लिनक्सवर शा-२५६-सम. तिन्हींतून आलेली ओळ प्रकल्पाने जाहीर केलेल्या ओळीशी ताडून पाहायची.

नानांनी चष्मा लावला, जाहीर यादीचा छापील कागद घेतला आणि आम्ही बँकेच्या पद्धतीने सुरू केलं. मी पडद्यावरून वाचायचं, त्यांनी पेन्सिलीने टिक करायची. तिसऱ्याच अक्षराला ते थांबले. "जुळत नाही." मला घाम फुटला. परत काढला, तरी तेच. शेवटी लक्षात आलं, नाना यादीतली मॅकवाली ओळ बघत होते. प्रत्येक सिस्टिमची फाइल वेगळी, म्हणून ठसाही वेगळा. योग्य ओळ घेतल्यावर चौसष्टच्या चौसष्ट जुळली. कॉपी करून शोधलं असतं तर पाच सेकंदांत झालं असतं, पण ते सांगायची माझी हिंमत झाली नाही.

"पण ही यादीच कुणी बदलली तर?" अपेक्षित प्रश्न होता. त्यासाठी यादीवर बऱ्याच जणांच्या डिजिटल सह्या असतात. नुसती मान डोलावून कुणी सही करत नाही. वेगवेगळ्या ठिकाणी बसलेले लोक तोच सोर्स कोड घेऊन आपापल्या मशीनवर प्रोग्राम बांधतात, आणि सगळ्यांचा ठसा अक्षरन् अक्षर सारखा आला तरच सही करतात. २०२१च्या २२.० आवृत्तीपासून या कामाला गीक्स नावाचं अवजार वापरतात. एकाच पाककृतीने दहा घरांत केलेल्या चकल्या काट्यापर्यंत हुबेहूब याव्यात, तसलं हे काम आहे. ज्याने कधी प्रोग्राम कंपाइल केला आहे त्याला त्यातली कटकट कळेल.

बसवणं त्यामानाने सोपं, पण प्रत्येक सिस्टिमची आपली खोड आहे. विंडोजवर पहिल्यांदा स्मार्टस्क्रीन हा त्याचा पहारेकरी निळा पडदा दाखवून घाबरवतो. ठसा जुळला असेल तर पुढे जायला हरकत नाही. खरा त्रास अँटिव्हायरसचा. मे २०१४मध्ये कुणीतरी 'स्टोन्ड' या डॉसच्या काळातल्या जुनाट व्हायरसची ओळखखूण बिटकॉइनच्या व्यवहारांत लिहून ठेवली. व्हायरस नव्हे, नुसती त्याची खूण, जी काहीच करू शकत नव्हती. पण मायक्रोसॉफ्टच्या अँटिव्हायरसला ती वहीच्या फाइलमध्ये दिसली आणि तो फाइल उचलून बाजूला ठेवायला लागला. नोड बिचारा ती पुन्हा मागवणार, हा पुन्हा उचलणार. यावर निघालेला तोडगा मला फार आवडतो. नोड आता त्या फाइली प्रत्येक मशीनवर एका वेगळ्या यादृच्छिक किल्लीने किंचित विस्कटून लिहितो, म्हणजे कुणाचीही खूण जशीच्या तशी डिस्कवर उमटत नाही. शिल्लक रकमांच्या यादीसाठी हे २०१६मध्ये आलं, मुख्य वहीसाठी २०२४च्या २८.० आवृत्तीत. किल्ली गुप्त नाही, वहीच्याच फोल्डरमध्ये एका छोट्या फाइलीत पडलेली असते. वही एका मशीनवरून दुसऱ्यावर नेताना ती फाइल मागे राहिली, की सगळी पानं अगम्य होतात.

होय, वही नेता येते, तीही विंडोजवरून लिनक्सवर किंवा मॅकवर. नोड पूर्ण बंद करायचा आणि वहीचा व शिल्लक रकमांच्या यादीचा, असे दोन्ही फोल्डर उचलायचे. वॉलेट, म्हणजे स्वतःच्या नाण्यांच्या किल्ल्या ठेवणारी फाइल, या भानगडीत मिसळू नये. बहिणीच्या मॅकसाठी मी हेच करायला गेलो आणि माती खाल्ली. विंडोज आणि मॅक दोघांनाही वाचता यावी म्हणून बाहेरची डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केली आणि नोड तिच्यावरच चालवला. दोन दिवसांनी डेटाबेस बिघडल्याचा निरोप. मॅकवर एक्सफॅट आणि बिटकॉइन कोअर यांचं जमत नाही, हा माहीत असलेला दोष आहे, मी वाचला नव्हता एवढंच. डिस्क ॲपलच्या एपीएफएसमध्ये फॉरमॅट केली आणि पुन्हा पहिल्या पानापासून. बाकी मॅकवर दोनच गोष्टी पाहायच्या: इंटेलची फाइल वेगळी आणि ॲपलच्या चिपची वेगळी, आणि झाकण मिटलं की मॅक झोपतो, त्याच्याबरोबर नोडही.

लिनक्सवर मी नोड सिस्टिमडीच्या, म्हणजे प्रोग्राम सुरू-बंद करणाऱ्या तिथल्या कारभाऱ्याच्या, हवाली केला आहे. मशीन सुरू झालं की तो उठतो. पण एक मेख आहे. बंद करताना नोडच्या मेमरीत साठलेला हिशेब डिस्कवर उतरवायला कधी कधी काही मिनिटं लागतात, आणि सिस्टिमडी एरवी दीड मिनिट वाट पाहून सरळ मान पिरगाळतो. म्हणून बिटकॉइन कोअरबरोबर येणाऱ्या नमुना फाइलीत ही मुदत सहाशे सेकंद ठेवलेली असते. मी स्वतःची फाइल लिहिण्याची हौस केली होती. तिच्यात ही ओळ नव्हती.

आता अपडेट. फोनवरची ॲप रात्रीत स्वतःहून बदलतात, ब्राउझर विचारतही नाही. बिटकॉइन कोअर तसं कधीच करत नाही. नवी आवृत्ती आली तरी तुमचा नोड जुन्यावरच राहतो, जोवर तुम्ही स्वतः त्याला थांबवून, नवी फाइल उतरवून, ठसा जुळवून बदलत नाही. वही आहे तिथेच राहते, बदलतो तो फक्त प्रोग्राम. नानांना हा गलथानपणा वाटला. तो नाही. नोड म्हणजे नियम. एकूण नाणी दोन कोटी दहा लाखांच्या वर जाणार नाहीत, हा नियम कुठल्या कार्यालयात ठेवलेला नाही. तो प्रत्येकाच्या घरच्या प्रोग्राममध्ये आहे. प्रोग्राम आपोआप बदलत असता तर अपडेटची किल्ली ज्याच्या हातात, त्याच्या हातात तो नियमही गेला असता.

याची किंमत मोजावी लागते, हेही खरं. फेब्रुवारी २०१३मध्ये ०.८ आवृत्ती आली. तिच्यात नियम एकही बदलला नव्हता, फक्त आतला डेटाबेस बर्कलीडीबीऐवजी लेव्हलडीबी केला होता. काही लोकांनी अपडेट केलं, काहींनी नाही. मार्चच्या ११-१२ तारखेला २,२५,४३० क्रमांकाचा एक भलामोठा ब्लॉक, म्हणजे वहीचं एक पान, आला. नव्या आवृत्तीने तो स्वीकारला. जुन्या आवृत्तीतल्या बर्कलीडीबीला एका वेळी ठरावीक संख्येपेक्षा जास्त कुलपं लावता येत नसत. त्या ब्लॉकला जास्त लागली आणि जुन्या नोडांनी तो नाकारला. कुणीही न लिहिलेला, कुणालाही ठाऊक नसलेला एक नियम त्या डेटाबेसच्या पोटात दडून बसला होता. काही तास जगात दोन वह्या होत्या. शेवटी उलटं घडलं: मोठ्या मायनिंग गटांनी नवी आवृत्ती सोडून जुनी लावली. साधारण सहा तासांनी जुन्यांची साखळी, म्हणजे त्यांच्या ब्लॉकांची वही, पुढे गेली आणि नव्यांचे चोवीस ब्लॉक रद्द झाले.

"बघ, सगळ्यांनी अपडेट केलं असतं तर हे झालंच नसतं," नाना म्हणाले. बरोबर आहे. पण सप्टेंबर २०१८मध्ये उघडकीला आलेला दोष पाहा. ०.१५ आवृत्तीपासून एक तपासणी चुकून सुटली होती, जिच्यामुळे हवेतून नाणी तयार करणं शक्य झालं असतं. कुणी फायदा घेण्याआधी ०.१६.३ आली आणि भोक बुजलं. ज्यांचे नोड ०.१३ वर किंवा त्याआधीच्या आवृत्तीवर अडून बसले होते, त्यांच्यात तो दोष मुळात नव्हताच. सगळे एकाच दिवशी एकच प्रोग्राम चालवू लागले की चूकही सगळ्यांची एकच होते.

जुना नोड चालेल की अडेल हे बदलाच्या जातीवर ठरतं. पुण्यात हे समजावणं सोपं. निर्जळी एकादशी करणाऱ्याचा उपवास साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्याच्या नियमातही बसतोच. नियम असे आणखी कडक झाले, तर त्याला सॉफ्ट फोर्क म्हणतात, आणि जुने नोड पुढे चालत राहतात. नोव्हेंबर २०२१मध्ये ७,०९,६३२ क्रमांकाच्या ब्लॉकवर टॅपरूट नावाचा नियमबदल आला तो या प्रकारचा. दुसरी जात टिळक पंचांगाची. नक्षत्रचक्राचा आरंभ कुठून मोजायचा यात ते बहुतेक पंचांगांपासून सुमारे चार अंशांनी वेगळं आहे. एरवी सण बरोबरच येतात. पण अधिक महिना वेगळा पडला की एका घरात गणपती येऊन जातात आणि शेजारच्या घरी अजून महिनाभर वाट पाहणं चालू असतं. हा हार्ड फोर्क: जुन्या नियमात नवं बसत नाही, म्हणून वह्या वेगळ्या होतात.

इथेरियम हे बिटकॉइनसारखंच दुसरं जाळं असे बदल तारीख ठरवून करतं: १३ मार्च २०२४ला डेनकून, ७ मे २०२५ला पेक्ट्रा. त्या तारखेआधी अपडेट केलं नाही तर तुमचा नोड मागे पडलेल्या साखळीवर उभा राहतो. शिवाय १५ सप्टेंबर २०२२पासून तिथे एकाऐवजी दोन प्रोग्राम लागतात. एक व्यवहार चालवतो, दुसरा एकमत राखतो, आणि दोघांनी एकाच गुप्त फाइलीवरून एकमेकांना ओळखायचं असतं. माझ्या मते पहिल्यांदा नोड बसवणाऱ्याने तिकडे जाऊ नये.

नाना आता सरावले आहेत. आमच्याकडे बऱ्याच गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते, म्हणून पावणेदहाला ते काउंटर बंद केल्यासारखा नोड रीतसर बंद करतात आणि खिडकी आपण होऊन मिटेपर्यंत खुर्चीतून उठत नाहीत. दुपारी वीज आली की सुरू. पाच तासांत साधारण तीस ब्लॉक झालेले असतात, तेवढी थकबाकी दोन-चार मिनिटांत भरून निघते आणि ते शेवटचा आकडा डायरीत टिपतात.

परवा नवी आवृत्ती आल्याचं सांगायला खाली गेलो, म्हटलं लगेच बसवून टाकू. टेबलावर बदलांच्या यादीची छापील प्रत होती, दोन ठिकाणी पेन्सिलीने रेघ मारलेली. "हे दोन मुद्दे मला कळलेले नाहीत," नाना म्हणाले. "तू आधी समजावून सांग. मग बघू बदलायचं की नाही ते."