'ट्रायफल्स': स्वयंपाकघरातली ज्यूरी आली कुठून?

सुझन ग्लास्पेल या अमेरिकन लेखिकेच्या 'ट्रायफल्स' (म्हणजे क्षुल्लक गोष्टी) या एकांकिकेवरची चर्चा बहुतेक वेळा पिंजऱ्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. नवऱ्याच्या खुनाच्या संशयावरून तुरुंगात असलेल्या मिनीच्या घरी शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस अधिकारी, सरकारी वकील आणि शेजारी मिस्टर हेल पुरावा शोधायला येतात. बरोबर आलेल्या शेरीफच्या बायकोला, मिसेस पीटर्सला, आणि शेजारीण मिसेस हेलला मिनीचा मेलेला पक्षी सापडतो. मान मुरगळलेला कॅनरी पक्षी म्हणजे गाणे बंद झालेली मिनी, बिजागरी उचकटलेला पिंजरा म्हणजे तिचा संसार. यात चूक काही नाही. पण 1916 साली ही एकांकिका लिहिणाऱ्या लेखिकेच्या डोक्यात पक्ष्याच्या कितीतरी आधी एक कोर्ट होते आणि त्या कोर्टात बायका फक्त बघ्यांच्या बाकांवर बसत होत्या.

1 डिसेंबर 1900 च्या रात्री अमेरिकेच्या आयोवा राज्यात, इंडियानोलाजवळच्या एका शेतावर, झोपलेल्या शेतकऱ्याच्या डोक्यात कुऱ्हाडीचे घाव पडले. बायको त्याच बिछान्यात होती. आवाजाने जाग आली, कोण होते ते दिसले नाही, हे तिचे म्हणणे. अंत्यविधीच्या वेळीच शेरीफने तिला अटक केली. डे मॉइनमधल्या एका दैनिकाची चोवीस वर्षांची बातमीदार या प्रकरणावर नेमली गेली आणि तिने दोन डझनांहून अधिक बातम्या पाठवल्या. सुरुवातीच्या बातम्यांत आरोपी बाई थंड, कठोर, न रडणारी दिसते. त्या काळी वाचकांना हवी तशीच. मग बातमीदार त्या शेतघरात जाऊन आली आणि सूर मऊ होत गेला. त्या स्वयंपाकघराचा विसर आपल्याला कधी पडला नाही, असे तिनेच पुढे लिहून ठेवले आहे. ही बातमीदार म्हणजेच आपली लेखिका.

एप्रिल 1901 मध्ये खटला उभा राहिला. ज्यूरीत बारा पुरुष. शेरीफची बायको मात्र रोज आरोपीच्या शेजारी येऊन बसायची. एकांकिकेतल्या मिसेस पीटर्सचे मूळ शोधायचे तर ते इथे आहे. ज्यूरीने बाईला दोषी ठरवले, जन्मठेप झाली. त्यानंतर थोड्याच दिवसांत या बातमीदार तरुणीने नोकरी सोडली आणि ती कथालेखनाकडे वळली.

पुढच्या निकालाकडे नाटकाचे अभ्यासक फारसे वळत नाहीत, मला तर नाटकाची किल्ली तिथेच दिसते. 1902 मध्ये आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला. कारणे दोन. कुऱ्हाडीशी जोडलेल्या केसांचा पुरावा नीट सिद्ध झालेला नव्हता, हे एक. दुसरे असे की घरातल्या जुन्या भांडणांच्या साक्षी ज्यूरीपुढे यायला नको होत्या, कारण नवरा-बायकोत खुनाच्या सुमारे वर्षभर आधी समेट झाला होता.

आता या साक्षी कुणी आणल्या होत्या ते पाहा. बचाव पक्षाने नव्हे, सरकारी पक्षाने. ही बाई पूर्वी शेजाऱ्यांकडे जाऊन नवऱ्याला आवरा म्हणून गयावया करत होती, हे सांगायला शेजारी साक्षीदार म्हणून उभे केले गेले. नवरा छळत होता, म्हणून तिच्याकडे मारण्याचा हेतू होता, असा सरळ हिशेब. म्हणजे छळ जितका सिद्ध होईल तितका फास घट्ट. तिच्या वकिलांना उलट घर कसे सुखात होते हेच दाखवत बसावे लागले. वरच्या कोर्टाचा निकाल बाईच्या बाजूने लागला असे म्हणणारे आहेत, आणि परिणाम पाहता ते खरेही आहे. पण तिला सोडवताना कोर्टाने घरातल्या वर्षानुवर्षांच्या त्रासाला समेटाचा शिक्का मारून बाजूला सारले, हेही तितकेच खरे. छळ सांगितला तर गुन्हा शाबीत होतो, नाही सांगितला तर तो घडलाच नाही असे होते. या कात्रीतून वाट काढणारा कायदा तेव्हा अस्तित्वात नव्हता. 1903 मध्ये विंटरसेटला फेरखटला झाला. नऊ ज्यूरर दोषी म्हणणारे, तीन नाही म्हणणारे. एकमत झाले नाही. तिसरा खटला सरकारने चालवला नाही आणि बाई सुटली.

तेरा वर्षांनी मॅसॅच्युसेट्समधल्या प्रॉव्हिन्सटाउनला, धक्क्यावरच्या मासळीच्या जुन्या गोदामात थाटलेल्या नाट्यगृहात, 8 ऑगस्ट 1916 रोजी 'ट्रायफल्स'चा पहिला प्रयोग झाला. मिसेस हेलची भूमिका लेखिकेने स्वतः केली, तिच्या नवऱ्याने मिस्टर हेलची. मूळ प्रकरणातले बरेच काही तिने बदलले. खरी बाई भरल्या घरातली, बऱ्याच मुलांची आई. मिनीला मूलच नाही. कुऱ्हाडीऐवजी दोरी आली. तरी कुऱ्हाड पुरती गेली नाही: लहानपणी एका पोराने आपल्या मांजरीच्या पिल्लावर छोटी कुऱ्हाड चालवली होती, ही आठवण मिसेस पीटर्सच्या तोंडी आहे, आणि तिथूनच ती शेरीफची बायको कमी आणि मिनीची बाजू समजणारी जास्त होत जाते. आरोपी मिनी तर रंगमंचावर येतच नाही. पात्रयादीत पुरुषांना नाव-आडनाव आहे, बायकांना फक्त नवऱ्याचे आडनाव.

पुरुष हेतू शोधत माडीवर आणि कोठारात फिरतात, कारण खाली म्हणे नुसत्या स्वयंपाकघरातल्या वस्तू. हेतू त्या वस्तूंतच आहे. चूल विझून गारठ्याने फुटलेल्या मुरंब्याच्या बरण्या, अर्धवट आवरलेले टेबल, आणि टोपलीतली गोधडी. या गोधडीचे टाके एकसारखे, नेटके चाललेत आणि एकाच ठिगळावर अचानक वेडेवाकडे झालेत. मिसेस हेल ते टाके उसवते आणि नीट घालू लागते. मिसेस पीटर्स घाबरून म्हणते, वस्तूंना हात लावायला नको. पक्षी अजून सापडायचा आहे, पण पुरावा नष्ट करण्याचे काम सुईदोऱ्याने सुरूही झालेले आहे. रंगभूमीवर इतक्या बिनबोभाट केलेला गुन्हा मला दुसरा आठवत नाही. पुढे मेलेला पक्षी लपवला जातो तो याच क्रमात. मुरंबा शाबूत आहे असे मिनीला खोटेच सांगायचे, हेही दोघींत ठरते. छळाचा पुरावा सरकारी वकिलाच्या हाती गेला की तो बाईवरच उलटतो, हे या दोघींना कुठल्याही कोर्टात न जाता कळलेले आहे. लेखिकेला ते इंडियानोलाच्या कोर्टात बसून कळले होते.

काळही लक्षात घ्यायला हवा. प्रयोगाच्या दोनच महिने आधी, जून 1916 मध्ये, आयोवातल्या पुरुष मतदारांनी स्त्रियांच्या मताधिकाराचा प्रस्ताव सुमारे दहा हजार मतांनी फेटाळला होता. मॅसॅच्युसेट्सने तो 1915 मध्येच फेटाळला होता. मतदार नाही म्हणजे ज्यूरर नाही. 1917 मध्ये हीच गोष्ट कथारूपात आली तेव्हा तिचे नाव 'अ ज्यूरी ऑफ हर पीअर्स' असे झाले, म्हणजे समान पातळीवरच्यांची ज्यूरी.

1920 मध्ये मताधिकार मिळाला आणि प्रश्न सुटला, असे समजणाऱ्यांसाठी पुढचा इतिहास. आयोवाच्या न्यायालयाने 1921 मध्ये सांगितले की मतदार म्हटल्यावर त्यात स्त्रिया आल्या, त्यामुळे त्या ज्यूरीतही बसू शकतात. मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयाने 1931 मध्ये नेमके उलटे सांगितले: कायद्यात 'मतदानास पात्र व्यक्ती' असे शब्द असले तरी ते लिहिणाऱ्यांच्या मनात स्त्रिया नव्हत्या. त्या प्रकरणातली आरोपी स्त्रीच होती. नाटक जन्मले त्या राज्यात स्त्रियांना ज्यूरीत जागा मिळायला चाळीसच्या दशकाची अखेर उजाडली.

1961 मध्ये फ्लोरिडातले एक प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेले. नवऱ्याला बेसबॉलच्या बॅटने मारल्याचा आरोप, आरोपी बायको, ज्यूरी निव्वळ पुरुषांची. ज्या बायकांना बसायचे असेल त्यांनी स्वतःहून नाव नोंदवावे, हा राज्याचा नियम न्यायालयाने एकमताने योग्य ठरवला. बाईचे मुख्य स्थान घर, असे कारणही दिले. (आपल्याकडे त्याच वर्षी नानावटी खटल्याचा अंतिम निकाल लागला. त्यात ज्यूरीने आठ विरुद्ध एक असे निर्दोष ठरवलेल्या आरोपीला वरच्या न्यायालयांनी दोषी धरले. ज्यूरी म्हटले की मराठी वाचकाला आठवतो तो हाच खटला.)

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या स्त्रीवादी अभ्यासकांनी ही कथा आणि एकांकिका पुन्हा वर काढली आणि हळूहळू ती कायद्याच्या वर्गांतही शिकवली जाऊ लागली. तिथे वाद रंगतो तो प्रतीकांवर नाही. त्या दोघींनी न्याय केला की न्यायात अडथळा आणला, यावर रंगतो. ज्यूरीच्या यादीतून स्त्रियांना सरसकट वगळता येणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्ये दिला. त्या खटल्यातला आरोपी पुरुष होता. 1994 मध्ये केवळ लिंगावरून ज्यूरर नाकारायलाही बंदी आली. ती तक्रार होती एका पितृत्वाच्या दाव्यातल्या पुरुषाची, आणि त्याच्यासमोरच्या ज्यूरीत सगळ्या बायका होत्या.