मूतखड्यातून हाती लागलेलं आम्ल

रक्ताच्या रिपोर्टमध्ये युरिक ॲसिडसमोर जो आकडा येतो, त्यात ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरला खास अर्थ आहे. शरीराच्या तापमानाला रक्तात युरेट, म्हणजे युरिक ॲसिडचा क्षार, साधारण एवढंच विरघळून राहतं. त्यापुढे प्रत्येकाला त्रास होतोच असं नाही, पण स्फटिक धरायला वाव मिळतो. हे आम्ल माणसाला सापडलं तेही त्याच्या या न विरघळण्याच्या खोडीमुळेच.

१७७६ मध्ये स्वीडनचा औषधविक्रेता-रसायनज्ञ कार्ल शेले मूतखडे तपासत होता. पाण्याला दाद न देणारा खडा अल्कलीत विरघळला आणि त्यातून हे आम्ल निघालं. दगडावरून त्याला ‘लिथिक ॲसिड’ म्हणू लागले. पण ते निरोगी माणसाच्या लघवीतही असतं. म्हणून फ्रान्सचा रसायनज्ञ फुर्क्रवा याने त्याला लघवीवरून नाव दिलं, तेच टिकलं. नायट्रिक आम्लात तापवून अमोनिया घातला की त्याला जांभळट लाल रंग चढतो. ही ओळखचाचणी इतकी देखणी, की १८५०च्या दशकात पक्ष्यांच्या विष्ठेपासून म्युरेक्साइड नावाचा कापडाचा रंगही निघाला. कृत्रिम रंग आले आणि तो मागे पडला.

सांधे सुजवणाऱ्या गाउट या आजाराशी नातं १७९७ मध्ये जुळलं. सांध्याजवळच्या पांढऱ्या गाठी युरेटच्या असतात, हे इंग्रज रसायनज्ञ वॉलस्टनने दाखवलं. रक्तातला पुरावा मात्र लंडनचे डॉक्टर आल्फ्रेड गॅरड यांनी १८४८ मध्ये दिला. त्यांची पुढची दोऱ्याची चाचणी मला या सगळ्या इतिहासात सर्वांत आवडते. उथळ काचपात्रात रक्ताचा द्रव, त्यात थोडं ॲसेटिक आम्ल आणि लिननचा एक धागा. एक-दोन दिवस पात्र हलवायचं नाही. मग भिंगाखाली धागा पाहायचा. दोरीवर खडीसाखर धरावी तसे त्यावर स्फटिक दिसले, तर रक्तात युरिक ॲसिड जास्त. ना महागडं यंत्र, ना कसली गणितं.

रेणूत कार्बनचे ५, हायड्रोजनचे ४, नायट्रोजनचे ४ आणि ऑक्सिजनचे ३ अणू. १८८२ मध्ये होर्बाचेव्स्कीने ते प्रयोगशाळेत तयार केलं. पुढे एमिल फिशरने ते प्युरिन कुळातलं, म्हणजे आपल्या डीएनएतल्या ॲडेनिन-ग्वानिनचं भावंड असल्याचं पक्कं केलं. पेशी झिजल्या की प्युरिनं मोडतात आणि झँथिन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) शेवटी युरिक ॲसिड बनवतं. हेच विकर अडवणारं ॲलोप्युरिनॉल हे गाउटचं औषध गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतून आलं.

बहुतेक सस्तन प्राण्यांत युरिकेज हे विकर पुढे युरिक ॲसिडचं सहज विरघळणारं ॲलन्टोइन करतं. माणूस आणि मोठ्या वानरांत या विकराचं जनुक सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीच निकामी झालं. असा तोटा उत्क्रांतीत टिकला कसा? युरिक ॲसिड रक्तात ऑक्सिडीकरण रोखतं, म्हणून ते कामाचं ठरलं असावं, असा एक तर्क आहे. वाद मिटलेला नाही. पक्ष्यांना मात्र न विरघळणं फळलं. बंद अंड्यातल्या पिल्लाचा नायट्रोजनचा कचरा घट्ट होऊन बाजूला पडतो, विष भिनत नाही आणि पाणीही वाचतं.

सांध्यातला प्रत्यक्ष गुन्हेगार १९६१ मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर या अमेरिकी डॉक्टरांनी ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकात पकडला. सुजलेल्या सांध्यातून काढलेल्या थेंबभर द्रवात सुईसारखे युरेटचे स्फटिक. आजही खात्रीचं निदान त्यांवरूनच होतं: सुई एका दिशेला पिवळी दिसते, काटकोनात वळली की निळी.