फोन अपडेट झाला आणि डॅक ‘बिघडला’? दुकानात येण्याआधी हे वाचा

अँड्रॉइडचं मोठं अपडेट आलं की पुढचे काही दिवस काउंटरवर एकच तक्रार असते. ‘काल रात्रीपर्यंत छान वाजत होतं, सकाळी फोन अपडेट झाला आणि आता पूर्वीची मजा नाही.’ तपासलं तर बहुतेक डॅक, म्हणजे फोनमधल्या डिजिटल गाण्याचा हेडफोनला चालेल असा सिग्नल करणाऱ्या छोट्या डब्या, ठणठणीत निघतात. म्हणून रिक्षा करण्याआधी घरीच दहा मिनिटं काढा.

आधी डॅकचा दिवा बघा. आमच्याकडून गेलेल्या ड्रॅगनफ्लाय या डॅकवर लाल दिवा म्हणजे डॅक जळला नाही, नुसता स्टँडबायवर आहे. पुढचे रंग सँपल रेटचे, म्हणजे आवाजाचे सेकंदाला किती हजार नमुने येतात त्या दराचे: ४४.१ किलोहर्ट्झला (सीडीचा दर) दिवा हिरवा होतो, ४८ ला निळा, ८८.२ ला पिवळसर, ९६ ला फिकट निळा. आता सीडीवरून काढलेली एक फ्लॅक फाइल (आवाजातलं काही न गाळता साठवलेली) लावा आणि मग ९६ ची एक. दोन्हींना ४८ चा निळाच आला तर दोष डॅकचा नाही. गाणं, मेसेजची टिंग, रिंगटोन हे सगळं फोनचा मिक्सर एकत्र करतो आणि त्यासाठी प्रत्येक आवाज एकाच दराला, बहुधा ४८ ला, आणून बसवतो. सीडीच्या फाइलला त्याने कानाला फार फरक पडतो असा आमचा दावा नाही. पण ९६ ची फाइल विकत घेऊन ती ४८ वर ऐकायची, हे काही पटत नाही.

यूएसबी ऑडिओ प्लेअर प्रोसारखं अ‍ॅप हा मिक्सर टाळून डॅकशी थेट बोलतं, पण त्यासाठी त्याला परवानगी लागते. अपडेटनंतर फोन ती पुन्हा विचारतो आणि आपण घाईत ‘रद्द करा’ दाबून मोकळे होतो. डॅक काढून पुन्हा लावा, चौकट आली की ‘ठीक आहे’ म्हणा, आणि अ‍ॅपमधला बिट-परफेक्ट (फाइल जशीच्या तशी डॅककडे पाठवण्याचा) पर्याय चालू आहे ना ते पाहा. अँड्रॉइड १४ पासून ही सोय सिस्टीममध्येच आली आहे, मात्र फोन आणि अ‍ॅप दोघांनीही ती वापरायला हवी.

डॅक ओळखलाच जात नसेल तर सेटिंगमध्ये ‘ओटीजी’ (फोनला बाहेरचं यूएसबी उपकरण जोडायची सोय) शोधा. काही फोनमध्ये ते थोड्या वेळाने आपोआप बंद होतं. स्ट्रीमिंगवाल्यांनी ऑडिओ क्वालिटी तपासावी. वायफाय आणि मोबाइल डेटासाठी ती वेगवेगळी असते. ब्लूटूथ हेडफोन असेल तर ब्लूटूथ सेटिंगमध्ये त्याच्या नावापुढच्या चाकात एलडॅक (ब्लूटूथवरून जास्त दर्जाचा आवाज पाठवायची पद्धत) चालू आहे का, एवढंच बघा.

आता आमचा सगळ्यात जास्त वेळ कशात जातो ते सांगतो. लोक डॅक रुमालात गुंडाळून आणतात आणि फोन व केबल घरी ठेवतात! आमच्या फोनला, आमच्या केबलने तो लगेच वाजतो. तुम्ही खूश होऊन जाता आणि संध्याकाळी पुन्हा फोन येतो. कितीदा तरी घोळ केबलचाच असतो: चार्जरसोबतची स्वस्त केबल, जिच्यातून वीज जाते पण डेटा जात नाही. आम्ही विकतो ती ओटीजी केबल दुप्पट महाग वाटते हे मान्य, पण प्रत्येक केबल डॅकला लावून, वाजवून मगच पाकिटात घालतो.

फोन फॅक्टरी रीसेट करून तर मुळीच आणू नका. त्यात उतरवलेली गाणी जातात आणि नेमकं काय बदललं होतं याचा मागही पुसला जातो.

तपासणीचे १५० रुपये का, असं विचारलं जातं. दोष सापडला नाही तरी अर्धा तास गेलेला असतो. केबल किंवा डॅक आमच्याकडूनच घेतलात तर ते बिलातून वजा होतात.

येताना फोन, केबल, डॅक, नेहमीचा हेडफोन आणि ज्यात फरक जाणवला ते गाणं, सगळं बरोबर आणा. तानपुऱ्याची जवारी पूर्वी कशी ऐकू यायची हे तुमच्या कानाला माहीत आहे, आमच्या नाही.