‘लिनक्स उडालं’: ड्युअल बूटच्या बिघाडांची पार्श्वभूमी

खान्देशात लिनक्स घरी पोचलं ते बहुतेक ड्युअल बूटच्या, म्हणजे एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायच्या वाटेनंच. कॉलेजात ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॅक्टिकलला शेल स्क्रिप्ट लिहायची, आणि घरात मशीन एकच. त्यावरच भावाची टॅली आणि बहिणीचे ऑनलाइन फॉर्म. म्हणून अर्धी डिस्क विंडोजला, उरलेली उबुंटूला, म्हणजे लिनक्सच्याच एका प्रकाराला. पुढे मशीन सुरू होईना की जळगावच्या गोलाणी मार्केटात दाखवा नाहीतर शहाद्यातल्या दुकानात, ऐकायला एकच मिळतं: ‘विंडोजनं लिनक्स उडवलं, फॉरमॅट मारावं लागेल.’ हे निदान एके काळी निम्मं तरी बरोबर होतं. आज बहुतेक वेळा ते साफ चुकतं, आणि त्यापायी पोरांचे प्रोजेक्ट हकनाक पुसले जातात.

जुना काळ थोडक्यात. विंडोजच्या आधीच्या डॉसमध्ये १९८३ साली हार्ड डिस्कची सोय आली, तेव्हापासून डिस्कचा पहिला ५१२ बाइटचा सेक्टर ठरून गेला: ४४६ बाइट मशीन उठवणाऱ्या बूट कोडला, ६४ पार्टिशनच्या (डिस्कच्या भागांच्या) तक्त्याला आणि शेवटचे २ खुणेला. लिनक्सकडून त्या ४४६ बाइटांत बूटलोडर, म्हणजे सिस्टिम सुरू करून देणारा प्रोग्रॅम बसायचा: आधी लिलो, नंतर ग्रब. ग्रबचा मोठा भाग तेवढ्यात मावत नसे, म्हणून तो पहिल्या पार्टिशनच्या आधीच्या रिकाम्या सेक्टरांत ठेवला जाई. ती जागा कुणाच्याच मालकीची नव्हती. विंडोजवरची काही महागडी सॉफ्टवेअरं आपल्या लायसन्सची खूण गुपचूप तिथेच लिहायची, आणि ग्रब मोडायचा.

विंडोज एक्सपीच्या काळात व्हायरस आला की विंडोज नव्यानं टाकायचं, हा शिरस्ता होता. प्रत्येक वेळी ते ४४६ बाइट विंडोजच्या कोडनं भरले जायचे. लिनक्सच्या फायली जागच्या जागी असत, फक्त त्यांच्याकडे जायचा रस्ता गेलेला असे. लाइव्ह सीडी (जिच्यावरून थेट लिनक्स चालतं ती) लावून ग्रब पुन्हा बसवला की काम भागे. उबुंटूची ती सीडी २०११ पर्यंत टपालानं घरपोच फुकट मिळायची. उलटा प्रकारही नेहमीचा: परीक्षा संपली, जागा हवी म्हणून विंडोजमधून लिनक्सचं पार्टिशन उडवलं, आणि पुढच्या वेळी मशीन चालू केलं तर काळ्या पडद्यावर फक्त ‘ग्रब रेस्क्यू’. आजच्या मेकॅनिक मंडळींचा हात याच काळात बसलेला आहे.

पण यूईएफआय, म्हणजे मशीन उठवणारं मदरबोर्डवरचं नवं फर्मवेअर आलं आणि सगळी मांडणीच बदलली. आता बूटलोडर म्हणजे एका छोट्या फॅट पार्टिशनमधली साधी फाइल. विंडोजचं फोल्डर वेगळं, उबुंटूचं वेगळं. आधी कुणाला उठवायचं याची यादी मदरबोर्डच्या मेमरीत. विंडोजच्या मोठ्या अपडेटनंतर या यादीत अनेकदा विंडोज वर सरकतं आणि लिनक्स ‘उडालं’ असं वाटतं. एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जे बटण असेल ते दाबून बूट मेनू काढला, तर उबुंटू तिथे बहुतेक सापडतंच. दुकानात मात्र सेटिंग लेगसीवर, म्हणजे जुन्या पद्धतीवर टाकण्याची खोड आहे. त्यानं चालू असलेलं विंडोजही बंद पडतं.

खरा वादाचा मुद्दा २०१२ चा. विंडोज ८ सोबत सिक्युअर बूट आलं: सहीशिवाय बूटलोडर चालणार नाही. जवळपास प्रत्येक मशीनमध्ये कारखान्यातूनच सही तपासायच्या चाव्या आल्या त्या विंडोजवाल्या कंपनीच्या. लिनक्सवाल्यांपुढे वाटा तीन. प्रत्येक उत्पादकाच्या दारात जाऊन आपली चावी बसवून घ्यायची, लोकांना सिक्युअर बूट बंद करायला सांगायचं, किंवा त्याच कंपनीकडून एका छोट्या प्रोग्रॅमवर सही आणायची. शेवटची वाट धरली गेली. तो प्रोग्रॅम म्हणजे शिम. तो पुढे ग्रबला तपासून सोडतो. नवख्याला काही न करता लिनक्स टाकता यावं यासाठी हे सोयीचं होतं, हे मान्य. पण आपल्या घराची किल्ली शेजाऱ्याकडे ठेवण्यातलाच हा प्रकार, आणि त्याची किंमत नंतर कळली. सिक्युअर बूट बंद करायची सोय विंडोज ८ च्या वेळी साध्या पीसीवर सक्तीची होती. विंडोज १० पासून ती उत्पादकाच्या मर्जीवर गेली.

२०२० मध्ये ग्रबमध्ये ‘बूटहोल’ नावाचं मोठं भगदाड सापडलं. सदोष फायलींची नावं बंदी-यादीत टाकता टाकता ३२ केबी जागेतली सुमारे १० केबी एकाच झटक्यात संपली. म्हणून एसबॅट आलं: एकेका फाइलवर बंदी घालण्याऐवजी बूटलोडरच्या पिढीचा आकडा बघायचा, आणि ठरलेल्या पिढीच्या खालचं सगळं नाकारायचं. कल्पना चांगलीच. पण तो आकडा चढवला १३ ऑगस्ट २०२४ च्या विंडोज अपडेटनं. ड्युअल बूटच्या मशीनला हात लावणार नाही असं विंडोजवाल्या कंपनीनं सांगितलं होतं. पण अशी कित्येक मशीन अपडेटला ओळखताच आली नाहीत. ‘एसबॅट सेल्फ-चेक फेल्ड’ एवढं दाखवून मशीन बंद. दुकानातला जुन्या उबुंटूचा पेन ड्राइव्हही त्याच कारणानं चालेना, मग मदरबोर्ड गेला असं ठरायला कितीसा वेळ! वास्तविक ग्रबमधल्या ज्या नंतरच्या भगदाडासाठी हा आकडा चढवला, ते २०२२ मध्येच बुजवलं होतं. अपडेट न करणाऱ्यांचाही दोष होता. तरी दुसऱ्याच्या डिस्कवरचं काय चालेल हे परस्पर ठरवणं मला पटलेलं नाही.

उपाय होता: सिक्युअर बूट बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन मोकयुटिल या कमांडनं एसबॅटचं धोरण पुसायचं, रीबूट करून पुन्हा सिक्युअर बूट चालू करायचं. विंडोजच्या बाजूनं हा विषय मिटायला मे २०२५ उजाडला.

यातली मेख बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप. सिक्युअर बूटला हात लावला की विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती बहुधा असते विंडोजच्या ऑनलाइन अकाउंटमध्ये, आणि लॅपटॉप घेताना ते अकाउंट दुकानदारानंच उघडून दिलेलं असेल तर शोधत बसा. आधी की लिहून घ्यावी, मगच सेटिंगमध्ये शिरावं.

शिमवर ज्या प्रमाणपत्रानं सही होत आली, ते २०११ चं. त्याची मुदत जून २०२६ पर्यंत. आधीच सही झालेले शिम त्यामुळे एकाएकी बंद पडत नाहीत. मात्र नव्या शिमवर सही २०२३ च्या प्रमाणपत्राची, आणि ते जुन्या फर्मवेअरमध्ये नसतं. सेकंडहँड लॅपटॉपवर नवं लिनक्स टाकताना ही अडचण येते. तिथे आधी फर्मवेअरचं अपडेट आहे का ते बघावं लागतं.